उत्तरेची भिंत

पालिकेला यादी हवी आहे,
गावातली सर्वांत देखणी दहा सावलीघड्याळं,
पत्रकात छापायला.
मला विचारलं, कारण चाळीस वर्षं
त्या सगळ्यांना चुना लावत आले आहे मीच.

चर्चच्या मनोऱ्यावरचं पहिलं लिहिलं.
गुबगुबीत गालांचा सूर्य, भोवती बारा राशी,
विंचवाची नांगी तर मी स्वतः तीनदा रंगवली.
खरं सांगू? रंग सगळा पुसला तरी चालेल.
देखणेपण काठीत असतं.
भिंतीतून ती अशी निघावी
जशी एखाद्या म्हातारीच्या तोंडून खरी गोष्ट:
तिरकी, आणि एकदाच.

मग नोटरीच्या घरावरचं, खाली लॅटिन ओळ.
ती फक्त नोटरीला कळायची,
तोही गेला.
शाळेवरचं सकाळी मागं, दुपारी पुढं,
कारण गुरुजींनी भिंत दक्षिणेला आहे असं मानलं,
मोजलं नाही.
मुलांना तो फरक अजून पाढ्यासारखा पाठ आहे.

अशी नऊ झाली.
दहाव्याशी पेन थांबलं.

लोकरीच्या कारखान्यामागे एक बोळ आहे.
तिथली भिंत उत्तरेकडे तोंड करून उभी.
देफेन्देन्ते तेव्हा नवशिका गवंडी;
दक्षिणेच्या भिंती थोरांनी आधीच वाटून घेतलेल्या,
त्याच्या वाट्याला ही आली,
ओली, शेवाळलेली.
त्याने तीनच रेघा ओढल्या.
पाच. सहा. सात.
काठी खाली झुकलेली नाही, वर रोखलेली.
बाकीच्याही काठ्या ध्रुवाकडेच बघतात,
पण डोकं भिंतीच्या पोटात खुपसून.
हिची नजर उघड्यावर.

मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत,
दिवस कलला की, दोन शिखरांमधल्या खिंडीतून
ऊन बोळात शिरतं, बिचकत,
दूध उघडं दिसलेल्या मांजरासारखं.
रोमच्या वेळेनं साडेसात, भिंतीवर सहा.
बात्तिस्तीना समोरच्या दारात खुर्ची टाकते,
चीजचा वास लागलेले हात मांडीवर.
सावली सहाची रेघ ओलांडते,
सातच्या दिशेनं वीतभर सरकते,
आणि डोंगर ऊन काढून घेतो.
दरवर्षी. तिथेच.
देफेन्देन्तेनं डोंगर हिशेबात धरलाच नव्हता.

"मग सात वाजतात तरी कधी?"
मी एकदा शिडीवरून विचारलं.
"अजून नाही वाजले,"
बात्तिस्तीना म्हणाली, आणि खुर्ची आत नेली.

ती सातची रेघ मी दर पाच वर्षांनी नवी करते,
बाकीच्या दोघींइतकीच काळी.
प्लास्टरमध्ये तिच्या टोकाशी कुणाचा तरी अंगठा उमटलाय,
तो बुजवत नाही.

यादीत दहावं औषधाच्या दुकानावरचं लिहिलं,
निळं, सुबक, बरोबर चालणारं.
हे नाही लिहिलं.
लोक दुपारी येतील, बोळात डोकावतील,
कोरडी रिकामी भिंत बघतील,
आणि म्हणतील, बंद पडलंय.