हातचा

दर दुसऱ्या शुक्रवारी मी तास मोजते.
आमची एजन्सी फोर्ट केंटला, टायरच्या दुकानावर;
खाली नट आवळल्याचा आवाज,
वर मी आणि बेचाळीस बायकांची मिनिटं.

पंधरा मिनिटांचा एक तुकडा.
सात मिनिटांपर्यंतचं सोडून द्यायचं,
आठवं लागलं तर तुकडा पुरा धरायचा.
नियम दोघांना सारखाच,
फक्त म्हातारी माणसं
नेमकी निघता निघता पाणी मागतात.

ल्युसेट सीर. कार्ड नंबर एकशे अठरा.
तासाला सोळा डॉलर वीस सेंट.
सकाळी ओलिव्हीन डेगलबाईंकडे, फ्रेंचव्हिलच्या पुढे;
दुपारी अल्लागॅशला, पाय गेलेल्या एका ट्रकवाल्याकडे.
मधे एकेचाळीस मैल.
त्या एकेचाळीस मैलांत ती कुणाकडेच नसते,
म्हणून आमच्याकडेही नसते.
जानेवारीत तिची गाडी बर्फावरून चरात गेली,
तेव्हा फोनवर मी पहिलं विचारलं,
"तिकडून निघताना वेळ नोंदवलीस ना?"
लागलं का, हे नंतर विचारलं.
पण विचारलं.

डेगलबाईंच्या घरात रेंज नाही.
ॲपचं चक्र उंबऱ्यात फिरत राहतं.
मग ल्युसेट कोठारामागच्या चढावर जाते,
फोन आभाळाकडे धरते, हजेरी लागते.
तोवर बाई ओल्यात पडून.

आज तिच्या पाकिटातून
तासांच्या कागदाबरोबर
पिवळट पुठ्ठ्याची तिकिटं निघाली. अकरा.
सगळ्यांवर एकच आकडा: ४७.

इथे वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.
सप्टेंबरात शाळा तीन आठवडे बंद,
आम्ही पोरं बटाट्याच्या तासांत वाकलेली.
पिंप भरलं की आपल्या नंबराचं तिकीट खोचायचं,
संध्याकाळी तिकिटं मोजून पैसे.
बिनतिकिटाचं पिंप कुणाचंच नाही.
माझा नंबर बावीस होता.
एकदा मला ताप होता, तेव्हा आईनं
तिच्या भरल्या पिंपांवर माझी तिकिटं लावली होती.

ल्युसेटची चिठ्ठी पेन्सिलीनं:
"बाईंना वाटतं, हंगाम चालू आहे.
मी काही केलं की पत्र्याच्या डब्यातलं एक
माझ्या खिशात घालतात.
नको म्हटलं तर रडतात.
फेकवत नाहीत. तुझ्याकडे ठेव."

तिकिटांच्या मागे तारखा, आणि थोडंसं.
'वेळ नोंदवून झाल्यावर उलटी. परत आत गेले.'
'रविवार. औषध पोचवलं.'
'नखं.'
'हाक मारत होत्या. मी आईच आहे म्हटलं.'
'नुसती बसले.'
एकावर काहीच नाही, फक्त अंगठ्याचा डाग,
मलमाचा असावा.

मी रकाने धुंडाळले.
आंघोळीला कोड आहे, भरवण्याला आहे,
कूस बदलण्याला आहे, दोन तासांतून एकदा.
नुसतं बसण्याला नाही.
आई होण्याला कुठून असणार.

शाळेत मादाम रुआ फळ्यावर बेरीज मांडायची,
एकं, दहं, शतकं,
आणि कोपऱ्यात बारीकसा हातचा.
तो विसरलात, म्हणायची, की खालचं सगळं खोटं.
तेवीस वर्षं माझी एकही बेरीज परत आलेली नाही.
साहेब तसं चारचौघांत सांगतात.

पगार पाचला पाठवायचाय. पावणेपाच झालेत.
खाली कुणाचं तरी चाक बसवतायत,
मी कीबोर्डवर अकरा तिकिटं मांडून बसलेय,
पत्त्यांच्या डावासारखी,
आणि बराच वेळ एकही कळ दाबली नाही म्हणून
स्क्रीन विचारते,
आपण अजून आहात का?