सुतार पाहिजे

बाहेरून ते पत्र्याचंच वाटतं.
सांबऱ्याच्या फाटकाशी कितीतरी वर्षं उन्हात उभं होतं,
एस.टी.तून जाता-येता मीही पत्र्याचंच समजत होतो.
मग एका मंगळवारी वॉरंट ऑफिसर तंगराज, निवृत्त,
खानापूरला माझ्या वखारीत आले.
म्हणाले, मिस्त्री, एक विमान आहे,
त्याला सुतार पाहिजे.

मी हसलो.
ते हसले नाहीत.

नाकापासून पंखाच्या मुळापर्यंत सगळं लाकूड.
बाहेर पातळ प्लाय, आत पातळ प्लाय,
मधे बाल्सा, वाळल्या भाकरीहून हलका.
नाव व्हॅम्पायर. पासष्टच्या लढाईतलं.
अशी आता बोटावर मोजण्याइतकीच उरलीत म्हणे.
उद्यमबागेतला टर्नर इराप्पा हुक्केरी
त्याला व्यंपय्या म्हणायचा,
घरातल्या थकल्या काकाला हाक मारावी तसं.

पहिले पंधरा दिवस मी हत्यार उचललं नाही.
फणस ठोकतो तसं ठोकत गेलो, बोटाच्या पेरानं.
टण्ण, म्हणजे चांगलं.
थब्ब, म्हणजे आत भुसा.
थब्बच्या जागी खडूनं गोल.
संध्याकाळी लांब जाऊन पाहिलं
तर देवी आलेल्या पोरासारखं दिसत होतं बिचारं.

हवा ओढायच्या तोंडात कुंभारणीची मातीची घरं,
सीटखाली सापाची अख्खी कात,
इंजिन नव्हतंच.

बाल्सा कुठं मिळेना.
तंगराजनी तीन देशांना पत्रं लिहिली.
मी जांबोटीच्या उतारावरची पडलेली सावर आणली,
चार महिने सावलीत वाळवली.
मागाहून कुणीतरी शिकलेल्यानं सांगितलं,
दोन्ही झाडं एकाच कुळातली.
हाताला ते आधीच कळलं होतं.

आटे सगळे इंचाचे. हल्ली कोण काढतं?
इराप्पा कानडीत मोजायचा, मी मराठीत,
बोल्ट दोघांचंही ऐकायचा नाही.
तो म्हणायचा, साकु.
मी म्हणायचो, अजून अर्धा फेरा.
तंगराज तमिळमध्ये कपाळाला हात लावायचे.
तिकडे ऑफिसात मीटिंगा चालल्या होत्या
म्युझियमच्या फलकावर कुठली भाषा वर यायची त्याच्या.
मी तेव्हा विमानाच्या पोटात उताणा,
सरस भुवईवर ठिबकत होता.

डबा घेऊन आलेल्या पोरानं विचारलं,
'उडणार न्हाई तर एवढं घासूलालास कशाला?'
मी डबा उघडला. वांगं होतं.

रंग खरवडताना डाव्या कुशीत एक ठिगळ निघालं.
रुपयाएवढं, गोल.
कडा आतून तिरकी छाटलेली,
शिरेला शीर मिळवलेली, नख अडकणार नाही अशी.
बाजूला पेन्सिलीचा बाण आणि आकडा: ४५.
माप म्हणावं तर जुळत नव्हतं.
मिनिटं असतील.
तंगराज बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, गोळी.
रात्रीत बुजवली असणार,
पहाटे परत न्यायचं असेल.
लाकूड बाल्सा नव्हतं, सावर नव्हतं.
नाक लावलं.
चहाच्या खोक्याचा प्लाय.
कुणीतरी बॅटरी तोंडात धरून,
समोर आलेलं खोकं फोडून,
पंचेचाळीस मिनिटांत.
मला त्याच कामाला दोन दिवस लागले असते,
दिवसाउजेडी, पंख्याखाली.

नियमानं ते काढून नवं बसवायचं होतं.
ठोकलं.
टण्ण.
राहू दिलं.

तेवढा रुपया बिनरंगाचा ठेवा, असं मी सांगून पाहिलं.
साहेब म्हणाले, डाग दिसेल.
वर राखाडी रंगाचे तीन हात बसले.

मग ऊस वाहायच्या ट्रेलरवरून, पंख वेगळे बांधून,
रात्री एक वाजता ते म्युझियमला गेलं.
इराप्पा ट्रॅक्टरपुढे चालत होता,
खाली लोंबणाऱ्या तारा बांबूनं उचलत.

बिल घेऊन गेलो तर कारकून म्हणाला,
कुठल्या खात्यात घालू?
विमान असं खातंच नव्हतं.
सुतारकाम ना? मग त्यानंच लिहिलं,
'फर्निचर व दुरुस्ती'.
मी सही केली.
त्या रजिस्टरात आता ते सत्तावीस नंबरला आहे,
वर एक लोखंडी कपाट,
खाली बारा फोल्डिंगच्या खुर्च्या.