पायी किती वेळ लागतो

टेबलावर नकाशा पसरलाय. चार कोपऱ्यांवर
मिठाची बरणी, माझा मोबाइल, कॉफीचा कप
आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी.
पोलादाच्या कारखान्यात कॅन्टीन सांभाळणाऱ्या बाईला
वर्षातून सलग सहा दिवस मिळतात.
या वेळी ते मी कुणाला देणार नाही.

वोल्टा रेडोंडाहून बस, घाट उतरून आंग्रा,
धक्क्यावरून साडेतीनची लाँच. पुढे चाकं संपतात.
फोनवर खानावळवाल्या वाल्दिराबाई म्हणाल्या,
"गाडी अगदीच नाही असं नाही हो,
कचऱ्याचा एक ट्रॅक्टर आहे, पोलिसांची एक जीप,
ती बहुतेक बंदच असते.
सामान हातगाडीवर, माणूस पायांवर.
आणि रोख पैसे आणा. इथलं मशीन रुसतं."

इरासीला नुसती वाळू हवी.
मला डोंगर. पोपटाच्या चोचीसारखा वाकलेला सुळका आहे,
पहाटे दोनला विजेरी घेऊन निघायचं,
वर पोचेपर्यंत सूर्य थांबला तर थांबला.
त्यामुळे आमची यादी दोन हस्ताक्षरांत भांडते:
बूट, सपाता,
काठी, उशी.
चिलटांवरचं तेल, यावर तेवढं एकमत.

चौथ्या दिवसापाशी अडलो.
गावातून बेटाच्या पलीकडच्या अंगाला मातीचा रस्ता जातो,
दोन नद्या नावाच्या किनाऱ्याला.
नकाशा म्हणतो दोन तास.
इरासी म्हणाली, नकाशे बिनओझ्याची माणसं काढतात,
तीन धर.

"अडीच," आई म्हणाली.
ती काळा घेवडा निवडत होती. मान वर केलीही नाही.
"पिशवी जड असेल तर तीन. मधल्या वळणावर पाणी आहे,
डाव्या हाताला, दगडातून येतं. बसून प्या,
चढताना प्यालात तर कळ येते.
फणसाच्या झाडांखालून जपून.
सडका फणस बर्फासारखा घसरवतो."

माझी आई. जिने बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय.

मी लहान होते तेव्हा बाबा जहाजावर होते.
निदान माझ्या शाळेच्या वहीत होते.
तीन धुराड्यांचं जहाज काढलं होतं मी,
आणि प्रत्येक धुराड्याला वेगळा रंग.

"जहाज कुठलं," आई म्हणाली. "तुरुंग होता तिथे.
महिन्याचा पहिला रविवार. सहा वर्षं.
मक्याचा केक, सिगारेटी, धुतलेला शर्ट.
पहारेकरी केकमध्ये सुरी खुपसून बघायचे,
म्हणून मी तो घरूनच कापून न्यायला लागले."

इरासीने पेन्सिल खाली ठेवली.
घेवड्यातला एक खडा ताटलीत टणकन वाजला.

"आणि समुद्र?" मी विचारलं. बाकीचं विचारायला
तोंड उघडेना. "पाणी कसं आहे तिथलं?"
"कोण बघतंय. भेट वीस मिनिटांची,
आणि परतीची होडी कुणासाठी थांबायची नाही.
एकदा वाळू आली होती चपलेतून घरी.
पांढरी होती."

तिने कोपऱ्यावरची तिची डबी उचलली,
तशी त्या बाजूने कागदाची सुरळी झाली, बेट आत.
एक गोळी, घोटभर पाणी.
"पाडला म्हणे तो तुरुंग."
"पाडला."
"आणि मोटारी? अजून नाहीत?"
"नाहीत."
"मग ऐकू येईल. शेवटच्या उतारावर
नदी आधी ऐकू येते, दिसते मागाहून."

तिच्या गुडघ्यांकडे बघायचं आम्ही तिघींनी टाळलं.
इरासीने यादीच्या तळाशी, कुणाला न विचारता,
लिहिलं: हातगाडीवाल्याचा नंबर घेणे.
मी चौथ्या दिवसापुढचे दोन तास खोडले,
मग तीन खोडले,
अडीच लिहिता लिहिता थांबले,
आणि ती जागा मोकळी सोडली.