अर्धा मिलिमीटर

कुहमोच्या गॅरेजात, बाहेर उणे तेवीस,
तौनो प्लगच्या भोकातून कथलाची तार आत सोडतो,
चेनसॉची दोरी हळूच ओढतो.
चेपलेली तार मोजतो: एक पूर्णांक एक.
फार झालं. एवढ्या फटीत ताकद झोपून राहते.

तळाचं गॅस्केट काढलं.
धुराची वाट कोरली, केसभर, आणखी केसभर.
जास्त कोरलं की रिंग अडकते, सिलिंडर गेला.
असे तीन फळीवर आहेत. फेकत नाही.

डावा कान करवतींनीच नेला,
इंजिनाचा सूर तो आता तळहाताने लावतो.

इर्या दारातून म्हणते,
झाडं आता हार्वेस्टर पाडतात. हे कुणासाठी?

तार पुन्हा आत. दोरी.
शून्य पूर्णांक पाच.
"धर," म्हणतो,
आणि तिच्या हातमोज्यावर ठेवतो
नखाएवढं चपटं कथील.