किल्ली

यासेंकाने विचारलं, टोकदार काही आहे का?
खिशात घराचीच किल्ली होती. तीच दिली.

तिने दोन विटांमधल्या सांध्यात ती फिरवली,
कुलपात फिरवावी तशी,
आणि चुना भुरुभुरु गळू लागला
डिसेंबरच्या थंडीत, तिच्या बुटांवर
पिठीसाखरेसारखा.
ती बोलली नाही काही. वहीत लिहिलं.

सव्वाशे वर्षं उभी आहे, मी म्हणालो.
ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या काळातली,
विटेवर अजून भट्टीवाल्याची अक्षरं.
दोन युद्धं. कुपा नदीचा पूर कंबरेपर्यंत.
उभीच होती.

ती म्हणाली, उभं राहणं हिला येतं.
वरून कितीही लादा, मुकाट खाली पोचवते.
पण बाजूने कुणी ढकललं तर धरायला
हिच्या हातात काही नाही.
ना सळई, ना पट्टा. तुळया नुसत्या टेकलेल्या,
गर्दीत अनोळखी खांद्याला खांदा लागावा तशा.

वरच्या मजल्यावर श्टेफित्साबाई.
त्यांची गल्लीकडची भिंत अख्खी बाहेर पडली,
खण ओढावा तशी खोली उघडी:
इस्त्रीचं टेबल, खुंटीला निळा कोट,
नव्या वर्षाचं कॅलेंडर आधीच टांगलेलं.
चाळीस वर्षं शेजारी राहून
तो पडदा मी आतून कधी पाहिला नव्हता.

त्या वाचल्या. पाव आणायला गेल्या होत्या.
पाववाल्याच्या छपरावरची चिमणी मात्र,
नावाची चिमणी,
अर्धा टन विटा, उडता न येणाऱ्या...
ते राहू दे.

मग ती खाली आली, माझ्या दुकानात.
तळवे, खिळे, डिंकाचा वास.
छताकडे बघत म्हणाली, इथे एक भिंत होती ना?

होती.
मला मोठी काच हवी होती, बूट रस्त्यावरून दिसावेत म्हणून.
एका रविवारी मी आणि मेहुणा द्रागुतिन,
दोन घण, आलुबुखारच्या दारूची एक बाटली.
बाटलीआधी भिंत संपली.
किती सहज पडली, म्हणून आम्ही हसलो होतो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
तिने वहीत काय लिहिलं, दिसलं नाही.

दारावर लाल कागद चिकटवून
तिने किल्ली परत दिली. खाचांत चुना.
सवयीने मी कुलूप घातलं, दोनदा फिरवून,
ओढून पाहिलं.
वर श्टेफित्साबाईंचा कोट
वाऱ्यावर हलत होता.