आठवड्यातून किती वेळा

साकळीत भर दुपारी, पत्र्याखाली,
फॉर्म मांडीवर घेऊन बसते मी.
पालेभाजी आठवड्यातून किती वेळा?
चौकोन तीन: रोज. कधी कधी. नाही.

द्वारकाबाई कोळी हसते,
दात मिसरीने काळे.
“निंदाले जायचो तव्हा
वटीत भाजी यायची व माय,
तांदुळजा, घोळ, चिवळ.
पैसे मालक द्यायचा, भाजी वावर.
आता फवारा मारता.
तन बी गेलं, निंदणी बी गेली.
कोन्त्या चौकोनात लिहशीन?”

बाहेर केळीचा ट्रक भरतोय दिल्लीसाठी,
घड कागदात गुंडाळून, पाहुण्यासारखे.
ओट्यावर तिचा नातू
पाच रुपयांचं पाकीट फाडतो,
बोटं नारिंगी होतात.

मी शिकवलेलं बोलते.
तंबाखू नको, मिसरी नको,
तळणीचं तेल परत परत नको,
कडधान्य खा, फळं खा.
“मिसरी लावली का भूक मरते,”
ती म्हणते, मलाच सल्ला दिल्यासारखी.
निघताना चिंधीत बांधलेलं काळं बी देते.
मोरीच्या पाण्यावर टाक, म्हणते.
त्याला फॉर्मवर जागा नाही.

पुढचं घर पुंडलिकचं.
बत्तीस वर्षांचा. पुडी सोडून सहा महिने.
तोंडात तीन उभी बोटं जायला हवीत,
आम्हाला प्रशिक्षणात दाखवलं होतं.
त्याच्या तोंडात दीड जातं.
आई कळण्याची भाकरी वरणात कुस्करते,
आधी मिरची वेचून काढते,
मग अजून कुस्करते,
मग माझ्याकडे बघत नाही.
भरताच्या दिवसांत हाच माणूस
मळ्यात तुरकाठ्यांवर वांगी भाजायचा,
हिरवी मिरची अख्खी दाताखाली.
मी लिहिते: पुढील तपासणी, जळगाव.

रात्री सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसते.
टोपल्यात अर्धी भाकरी,
कढईत रस्सा, मेथीचे देठ.
पन्नास घरी विचारून झालं,
एक्कावन्नावं माझंच राहिलं होतं.
वय एकोणचाळीस.
पालेभाजी: देठ धरायचे का?

नवरा शर्ट खुंटीला टांगतो.
खिसा कुरकुरतो,
मला तो आवाज पाठ आहे.
मी म्हणते, तोंड उघडा.
“मी काय बाजारातला बैल?”
उघडा.
पीठ लागलेली तीन बोटं
उभी धरून दिव्याखाली नेते.

दोन जातात.
तिसरं दातांवर थांबतं,
आणि त्याचं हसू अजून
बोटांच्या मागे, अर्धवट.