खोडावर पांढरा चार

मोंशिकच्या डोंगरात आमच्या उताराला दोन बाजू.
उत्तरेला बाबांचे बूच-ओक, एकशे बारा.
दक्षिणेला आन्सेल्मूने लावलेली निलगिरी,
ती मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

बूच-ओक पंचवीस वर्षं काही देत नाही.
मग देतो ती पहिली साल, खरबरीत, भेगाळ,
बाटलीच्या तोंडाला न चालणारी.
पुन्हा नऊ वर्षं. दुसरीही तशीच, जरा शहाणी.
पुन्हा नऊ. तेव्हा कुठे बूच.
त्रेचाळीस वर्षं, हे बाबा अशा आवाजात सांगत
की जणू पाव भाजायला किती वेळ लागतो ते सांगताहेत.

निलगिरीचं तसं नाही.
माझे दुधाचे दात पडत होते तेव्हा रोपं आली,
मी अठराची झाले तेव्हा ट्रक.
तोडली, तर बुंध्यातून धुमारे, सात-सात, आठ-आठ;
दोन ठेवायचे, बाकीचे छाटायचे,
झाली मशागत.
फक्त विहिरीचा दोर
दर उन्हाळ्यात हातभर लांब करावा लागला.

कोइंब्राला माझी फी त्याच ट्रकमधून गेली.
ही वहीसुद्धा बहुतेक तिच्याच लगद्याची.
तेव्हा तिला शिव्या देणारी कविता
मला जमणार नाही.

बूच-ओकाला काय लागतं, विचारा.
मुळांवर नांगर नको.
साल काढायची ती झाड आतून ओलं असताना,
आणि गरम वारा सुटला की कुऱ्हाड खाली ठेवायची,
उघड्या अंगाला तो वारा सोसत नाही.
पातं सालीत शिरावं,
आतल्या पापुद्र्याला मात्र कळूही नये.
बाबा हे कानाने ओळखत:
पोकळ आवाज म्हणजे सुटली,
कोरडा आला तर, 'असू दे, पुढच्या वर्षी.'
निलगिरीला कान लागत नाहीत.
डोळे लागतात, जुलैभर, धुरासाठी.

धूर आला त्या वर्षी
निलगिरीने पेटत्या सालीच्या पट्ट्या वाऱ्यावर सोडल्या,
ओढ्यापलीकडे, झुल्मीराबाईंच्या खुराड्यावर.
बूच-ओक जागच्या जागी काळे झाले.
मार्चमध्ये त्या काळ्यावर हिरवे ठिपके दिसले
आणि आम्ही रडलो.
मग दक्षिणेकडे वळून पाहिलं,
तर निलगिरी आधीच गुडघाभर.
'मरत दोघंही नाहीत,' बाबा म्हणाले.
'हा आग अंगावर घेतो,
ती शेजाऱ्याकडे धाडते.'
आणि बऱ्याच वेळाने,
'तुझ्या आईचा खोकला मात्र
तिच्याच पाल्याच्या वाफेने बसायचा.'

या जूनमध्ये बाबांच्या खांद्याने नकार दिला.
कुऱ्हाड माझ्याकडे. ते खाली स्टुलावर,
डोळे मिटून.
सहा झाडं काही बोलले नाहीत.
सातव्याला आवाज चुकला. मलाही कळला.
साल निघाली, आतलं खोड पिकल्या जर्दाळूसारखं,
आणि त्यात बोटभर घाव, माझा.
'राहील,' ते म्हणाले.
मी वाट पाहिली. 'भरून येईल' असं काही
ते म्हणाले नाहीत.

मग पांढऱ्या रंगाचा डबा.
वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर लिहायचा,
म्हणजे नऊ वर्षं कुणी विसरत नाही.
मी चार काढला, जरा तिरपा.
पुढचा तीन असेल.
तेव्हा बाबा ब्याण्णवचे,
मी मनात पुढे मोजत गेले आणि थांबले.

ते विचारत होते,
आन्सेल्मूचा ट्रक गुरुवारी की शुक्रवारी,
आणि धुमारे छाटायला माणूस मिळाला का.
'शुक्रवारी,' मी म्हणाले.
हात घावावर होता.
ओला होता तो, आणि त्या उन्हातही गार.